छत्तिसाव्या वर्षी पायलट व्हायचंय, उशीर झालाय का?

प्रश्न: सर, मी ३६ वर्षांचा आहे, नाशिकला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. बारावी सायन्स, मग मेकॅनिकल. लहानपणी ओझरला फायटर विमानं बघायचो तेव्हापासून पायलट व्हायचं डोक्यात आहे पण तेव्हा घरची परिस्थिती नव्हती. आता बायको पण म्हणते करा एकदाचं. मुलगी ६ वर्षांची आहे, फ्लॅटचं लोन संपत आलंय. या वयात एअरलाइन घेईल का, की पैसे पाण्यात जातील?
– अ. पा., नाशिक

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण मी स्वतः ३४व्या वर्षी नोकरी सोडून यात पडलो होतो. नियमात वय आड येत नाही. कमर्शियल लायसन्सला किमान १८ वर्षं लागतात, वरची मर्यादा नाहीये, आणि एअरलाइनमध्ये ६५ पर्यंत उडवता येतं. परीक्षा, फ्लाइंग, टाइप रेटिंग (ठराविक मॉडेलचं विमान उडवायचं ट्रेनिंग) आणि नोकरी शोधणं धरलं तर तुम्ही चाळिशीला पोचाल, म्हणजे पुढे २५ वर्षं हातात आहेत. पण एअरलाइनमध्ये सिनियॉरिटी जॉइनिंगच्या तारखेवरून धरतात, त्यामुळे शेजारी बसलेला कॅप्टन तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असू शकतो, हे मनाने आत्ताच स्वीकारा. बऱ्याच कॅडेट प्रोग्रामना (एअरलाइनच नवख्यांना निवडून ट्रेनिंगला घेते, त्याला) मात्र वयाची अट असते, ती आधी बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. राजीनामा नको, फी नको, आधी मेडिकल. डीजीसीए म्हणजे पायलटचं लायसन्स देणारं सरकारी खातं, त्यांच्या पॅनलवरच्या डॉक्टरकडून आधी क्लास टू ही पहिली तपासणी, मग कमर्शियल लायसन्सला लागणारी क्लास वन. चष्मा चालतो, पण रंग ओळखता येत नसतील किंवा इन्शुलिन चालू असेल तर गाडी तिथेच अडते, आणि छत्तिशीत बीपी-शुगर कुठे लपून बसलेली असते ते आपल्यालाच माहीत नसतं. हे लाखो रुपये भरल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं परवडलं.

मेडिकल निघालं की नोकरी करत करत डीजीसीएचे लेखी पेपर द्या. नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल, पासिंग ७० टक्क्यांना. रोज पहाटे दोन तास बसलात तर होतं, मेकॅनिकलवाल्याला टेक्निकल जड जाणार नाही.

मग २०० तास फ्लाइंग. टाइप रेटिंगसकट ६५-७५ लाख धरून चाला आणि घरखर्चाचे दोन-तीन वर्षांचे पैसे त्याच्याबाहेर वेगळे ठेवा, कारण लायसन्स हातात असून नोकरीची वाट बघणारी मुलं आपल्याकडे खूप आहेत. बारामती, धुळे, गोंदिया, कुठल्याही फ्लाइंग स्कूलला जा पण पूर्ण फी एकदम भरू नका. मी भरली होती, नंतर तिथली दोन विमानं कित्येक महिने हँगरमध्ये उभी, वरून पावसाळा, ढग खाली आले की फ्लाइंग बंद, बायकोच्या पगारावर घर चाललं आणि ते दिवस मी विसरू शकत नाही. म्हणून अॅडमिशनआधी एक अख्खा दिवस तिथे काढा, किती विमानं खरंच उडतायत ते मोजा, शिकणाऱ्या मुलांशी चहावर बोला.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. पहिल्या दिवशी सकाळी सहाला इन्स्ट्रक्टरने मला सेसनाच्या, म्हणजे ट्रेनिंगच्या छोट्या विमानाच्या, पंखाखाली उभं केलं, टाकीतून छोट्या कपात इंधन काढायला लावलं आणि उजेडाकडे धरून दाखवलं, एव्हगॅस म्हणजे या विमानांचं पेट्रोल निळसर असतं, इंजिन बंद पाडू शकणारं पाणी त्यात असेल तर तळाशी वेगळा थेंब दिसतो. बरोबरची विशीतली मुलं आठवड्याभरात ते घाईत उरकायला लागली, मी रोज कप डोळ्यासमोर धरून बघायचो कारण घरी लेकरू होतं. क्वालिटीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ही नजर शिकवावी लागत नाही.

क्लास टूची अपॉइंटमेंट याच महिन्यात घ्या. फ्लॅटच्या लोनचे शेवटचे हप्ते फिटेपर्यंत नोकरी सोडू नका, आणि मेडिकलचा निकाल मला कळवा, पेपर कुठल्या क्रमाने द्यायचे ते त्यावरून बघू.