सकाळची टिकटिक

प्रश्न : सकाळी गाडी सुरू केली की इंजिन टिकटिकतं, ५ मिनिटांत आवाज थांबतो. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) गेले का?

उत्तर : इंजिन उघडायची घाई करू नका, कळकळीने सांगतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं, त्यामुळे हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे टॅपेट वाजतात. पण दाब आला की बहुधा काही सेकंदांत गप्प होतात. तुमचा आवाज ५ मिनिटं टिकतो, म्हणून माझा संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटवर, म्हणजे जोडातल्या सीलवर. थंडपणी फटीतून धूर निसटतो, धातू तापून प्रसरण पावला की फट मिटते. जोडापाशी काजळी दिसते का बघा. एका गाडीचे टॅपेट मी उगाच बदलले होते, ते अजून सलतं.

त्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, तपासा. ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलच्या जागी २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइल भरलं असेल, तर थंडीत ते वर चढायला वेळ लावतं. ऑइलचा लाल दिवा विझत नसेल तर इंजिन लगेच बंद करा.