ट्रॉन सिनेमातल्यासारखा लाइट लागणारा पोशाख घरी शिवायचा आहे. ईएल वायर घेऊ की एलईडी पट्टी? खर्च किती येईल, आणि नंतर धुता येतो का?

ईएल वायर, म्हणजे विजेने अख्खी उजळणारी लवचिक तार, तीच घ्या. तुमचं उत्तर इथे संपलं.

पण तुम्ही पुढे लिहिलंय की कॉलेजच्या फेस्टला तीन आठवडे आहेत, सर्किट मित्र करतोय, आणि "कपड्याचं काय, आदल्या दिवशी कुणाकडूनही शिवून घेऊ." या एका वाक्यासाठी हातातला ब्लाउज बाजूला ठेवून लिहायला बसलेय. मी बावीस वर्षं शिवणकाम करते. फॉल-पिको, पंजाबी ड्रेस, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या गॅदरिंगचे कपडे. मावळे, कोळिणी, वासुदेव ढिगाने शिवलेत. दिव्यांचा पोशाख एकदाच शिवला आणि त्याबद्दलची बोलणी अजून खातेय.

२०१७ ची गोष्ट. मुलगा सातवीत होता. भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, त्याला ट्रॉन लेगसी दाखवला आणि पोरगं हटूनच बसलं, गॅदरिंगला मावळा होणार नाही, हाच होणार. भाऊजींचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, भोसरीला नोकरी. म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त काळा सूट शिवून द्या, बाकी माझ्यावर सोडा."

फक्त!

भाऊजी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन चार मीटर एलईडी पट्टी, एक आर्डुइनो नॅनो (दिवे चालवणारं छोटं प्रोग्रामचं बोर्ड) आणि वायरचं भेंडोळं घेऊन आले. पट्टी डब्ल्यूएस२८१२बी जातीची, मीटरला ३० दिवे, म्हणजे एकूण १२०. त्या एकेका दिव्यात तांबडी, हिरवी, निळी अशा तीन टिकल्या असतात आणि पूर्ण उजेडात प्रत्येक टिकली साधारण २० मिलिअँपिअर खाते. ट्रॉनचा तो थंड निळा म्हणजे हिरवी आणि निळी दोन्ही चालू, दिव्याला ४०. १२० गुणिले ४० म्हणजे ४.८ अँपिअर, आणि पॉवर बँक देणार २. हा हिशोब भाऊजींनीच मला जेवताना सांगितला आणि प्रोग्राममध्ये उजेड एक तृतीयांशावर आणून ठेवला. गणितात माणूस पक्का आहे, ते मी कधीच नाकारलेलं नाही.

कपडा मी लायक्राचा घेतला. त्याला बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची सुई, आणि बारीक झिगझॅग. पट्टी बसवायला छातीवर, बाह्यांवर, मांडीवर आणि नडगीवर नेफे केले. हो, नेफाच. दिव्यांची पट्टी म्हणजे शेवटी नाडीच आहे, टोकाला सेफ्टी पिन लावून ओवायची. नेफ्याला वरून पांढरी ऑर्गंझा लावली, पण ती ताणत नाही म्हणून उरेब, म्हणजे तिरकी, कापली. आत बटर पेपरची पट्टी सरकवली, म्हणजे दिव्यांचे ठिपके न दिसता सलग रेघ दिसते. चालताना तो कागद कुरकुर वाजतो, पण स्टेजवर गाण्यात कोण ऐकतंय.

खरी गोष्ट गुडघ्यापाशी आहे. पट्टी गुडघ्यावर वाकत नाही, म्हणून ती मांडीवर संपवायची, नडगीवर पुन्हा सुरू करायची आणि मधे तीन वायरींनी जोडायची. भाऊजींनी पोराला भिंतीला पाठ लावून ताठ उभं केलं आणि माप घेतलं. नऊ इंच. मी म्हटलं थांबा. त्याच पोराला पाटावर बसवलं, गुडघा दुमडायला लावला आणि माझ्या टेपने तेच माप पुन्हा घेतलं. सव्वा अकरा.

"भाऊजी, सव्वादोन इंचांचा फरक आहे. वायर सैल सोडा, मी आत चुणी घालून लपवते."

"वहिनी, वायर लोंबली की गचाळ दिसतं. आणि लायक्रा ताणतो की."

लायक्रा ताणतो हो. तांब्याची तार ताणते का? पायजम्याचं आसन उभ्या माणसावर मापणारा शिंपी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो. अंगावरचं कुठलंही माप बसल्यावर, हात वर केल्यावर, वाकल्यावर बदलतं. हे मला पहिल्या वर्षी कळलं, डिप्लोमात शिकवत नसावेत. वर वायरही घेतली ती एकतारी, कडक, कारण ती "नीट उभी राहते".

गॅदरिंगला दिवे घालवले, काळोखात पोरगं आलं आणि हॉलमध्ये जो ओऽऽ झाला तो मी जन्मात विसरणार नाही. दोन मिनिटं सगळं झकास. शेवटच्या पोझला एका गुडघ्यावर बसून हातातली चकती, सिनेमातलं त्यांचं शस्त्र, उगारायची होती. बसला, आणि गेलं. आमची पट्टी छातीवरून उजव्या पायात आणि तिथून डाव्या पायात अशी ओळीने जोडलेली होती. त्यामुळे उजव्या गुडघ्यापाशी तुटलं तसा पुढचा सगळा माल बंद. उरली छाती, दोन बाह्या आणि एक उजवी मांडी. मागून कुणीतरी ओरडलं, "लोडशेडिंग!" सगळा हॉल हसला. पोराने पोझ सोडली नाही हे मात्र सांगते. पडदा पडेपर्यंत तसाच बसून राहिला.

घरी येताना रिक्षात भाऊजी म्हणाले, "वहिनींची टीप बसली असणार वायरवर." सासूबाईंनी पुढे जोडलं, "मशीन जरा जपून चालवावी गं." तेव्हापासून दर दिवाळीला फराळाला बसलं की कुणा ना कुणाला ही गोष्ट सांगितली जाते, आणि दर वेळी माझी टीप वायरवर बसते.

मी त्याच रात्री तो पाय उसवला. पहिली गोष्ट, गुडघ्याजवळ मी मशीन चालवलीच नव्हती, तिथले टाके हातचे आहेत आणि वायरीपासून पाव इंच लांब आहेत. दुसरी गोष्ट, मशीनच्या दिव्याखाली धरून बघितलं तर लाल वायर सोल्डरच्या, म्हणजे जोडायला वितळवलेल्या धातूच्या, मण्याच्या अगदी काठाशी तुटलेली. तिचं प्लॅस्टिक अखंड, सुईचं एक भोक नाही. सुई बसली असती तर आवरण फाटलं असतं आणि तार चपटी झाली असती. ही गोलच्या गोल तुटली होती, सेफ्टी पिन पुढेमागे वाकवून तुटते ना, तशी. आठवडाभर तालमी झाल्या होत्या, रोज चार-पाच वेळा पोरगं त्या गुडघ्यावर बसत होतं. सोल्डर लागलेला भाग ताठ, त्यापुढची तार वाकणारी, म्हणजे वाकण्याचा सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. त्यात तार आखूड.

तेव्हा एलईडीच लावायची असेल तर मित्राला एवढं सांगा. वायर बारीक बारीक तारांची आणि मऊ सिलिकॉनच्या आवरणाची घ्यायची. जोडावर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी, नळी चढवायची. आणि जोडाच्या अलीकडे-पलीकडे अर्ध्या इंचावर वायर कपड्याला दोन-दोन टाक्यांनी बांधायची, म्हणजे ओढ कपड्यावर येते, जोडावर येत नाही. ब्लाउजच्या हुकाला मागून कापडाचा आधार देतो त्यातलाच प्रकार. कोपर, गुडघा, आसन या तिन्ही ठिकाणी माप बसवून घ्यायचं आणि वर अर्धा इंच जास्त.

ईएल का म्हणते, तेही सांगते. आत तांब्याची तार, तिच्यावर उजळणाऱ्या पावडरीचा थर, त्यावर केसासारख्या दोन तारा गुंडाळलेल्या आणि वरून रंगीत प्लॅस्टिकची नळी. पूर्ण लांबीभर एकसारखी उजळते, ठिपके नाहीत, बटर पेपर नाही, गुडघ्यावर जोड नाही. शिवायची पट्टी जोडलेलीही मिळते, तीच घ्या. चेन लावायचा सिंगल फूट लावून पायपिंगसारखी शिवली जाते. हे काम ज्याला पायपिंग येतं त्याचं आहे, ज्याला सोल्डरिंग येतं त्याचं नाही. फक्त काटकोनात मोडू नका, त्या केसासारख्या तारा तुटतात आणि तिथून पुढे अंधार. वळण पेन्सिलीवर गुंडाळल्याएवढं तरी गोल ठेवा. ईएलला वीज पुरवणारा छोटा डबा, म्हणजे इन्व्हर्टर, तुमच्या वायरीच्या लांबीचाच घ्या. तीन मीटरच्या इन्व्हर्टरवर पाच मीटर लावली की सगळी मिणमिणते. तो इन्व्हर्टर डास गुणगुणल्यासारखा बारीक आवाज करतो, तो बिघाड नाही.

आणि सिनेमावाल्यांनीही शेवटी तेच केलंय. १९८२ च्या पहिल्या ट्रॉनमध्ये नटांच्या अंगावर दिवे नव्हतेच. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर शूटिंग केलं आणि नंतर एकेक फ्रेम मोठी करून, मागून उजेड सोडून रेघा रंगवल्या. २०१० च्या लेगसीत मात्र कपड्यावर खरे दिवे होते, आणि तेही ईएलचेच, लवचिक पातळ पट्ट्या. बॅटऱ्या पाठीवरच्या चकतीत. त्या कपड्यांत नटांना बसता येत नव्हतं म्हणून टेकायला उभ्या फळ्या ठेवल्या होत्या. म्हणजे बसायच्या मापाचं दुखणं तिथेही होतंच, भाऊजी.

पैसे फारच कमी असतील तर तिसरा मार्ग आहे, रेडियम, म्हणजे उजेड पडला की चमकणारी पट्टी. पुढच्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत मी पोराला तसाच पोशाख निव्वळ रेडियमच्या पट्ट्यांनी करून दिला. नंबरप्लेटवाल्याकडचा चिकट रेडियम नको, तो लायक्रावर टिकत नाही आणि सुई गोंदाने बरबटते. सेफ्टी जॅकेटला असते ती कापडी राखाडी पट्टी बोहरी आळीत मीटरवर मिळते. मोबाइलचा फ्लॅश कॅमेऱ्याला खेटून असतो, त्यामुळे फोटोत या पट्ट्या अशा पेटतात की विचारू नका. भाऊजी म्हणाले, ही चीटिंग आहे. १९७८ च्या सुपरमॅनमध्ये क्रिप्टॉनवरच्या लोकांचे ते लखलखणारे कपडे याच जातीच्या, आलेला उजेड आल्या दिशेला परत पाठवणाऱ्या कापडाचे होते. त्यांना कुणी चीटिंग म्हटलं नाही. पण प्रामाणिकपणे सांगते, समोर खुर्चीत बसलेल्या माणसाला ते नुसतं राखाडी दिसतं. स्टेजसाठी उपयोग नाही, फोटोसाठी आहे.

खर्चाचं म्हणाल तर आमचे तेव्हा तेवीसशे गेले, त्यातले निम्मे भाऊजींनी जाळलेल्या पहिल्या आर्डुइनोचे आणि वाया गेलेल्या पट्टीचे. ईएलला त्याहून कमी लागावेत. आजचे भाव गल्लीत विचारा.

आता काही गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. ईएलच्या इन्व्हर्टरमधून शंभर व्होल्टच्या आसपास एसी येतो. करंट नगण्य असला तरी कापलेलं टोक उघडं ठेवलं आणि त्याला घामाचा हात लागला तर चांगला चटका बसतो. टोक बंद करा, आणि वायरींच्या आतून सुती अस्तर द्याच. लिथियमचे सुटे सेल खिशात घालून नाचू नका, पॉवर बँक बरी, तीही अंगाला चिकटून नको. काही पॉवर बँका फार कमी करंट घेतला तर आपोआप बंद होतात, ते घरी तासभर चालवून बघा. भकभक उघडझाप होणारा मोड फेस्टमध्ये टाळा, गर्दीत कुणाला फिट येत असतील ते आपल्याला माहीत नसतं. आणि ईएल उजेडात दिसत नाही. तुमचा कार्यक्रम दुपारी मैदानावर असेल तर मी वर लिहिलेलं सगळं विसरा आणि एलईडीच घ्या.

धुण्याचं विचारलंत. इन्व्हर्टर किंवा पॉवर बँक काढून, गार पाण्यात, हाताने, न पिळता, सावलीत हँगरवर. एलईडीची पट्टी असेल तर ती आधी ओढून काढा. नेफा करा म्हणते ते त्यासाठीच. आणि शिवायला आदल्या दिवशी नाही, किमान आठ दिवस आधी द्या. घालून दहा वेळा उठाबशा काढा, मग स्टेजवर जा.

भाऊजी, तुम्ही इथे वाचता ते मला माहीत आहे. वायरीचा तो तुकडा माझ्या बटणांच्या डब्यात आहे, कागदाच्या पुडीत. दिवाळीला याल तेव्हा भिंग घेऊन या.