परसबागेत पांढऱ्या कांद्याची पात भरघोस येते, पण कांदा का पोसत नाही?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. ज्या वाफ्यात लाल कांदा चांगला येतो त्याच वाफ्यात पांढऱ्याची नुसती पात वाढली आणि कांदा पोसलाच नाही, ही पहिली. आणि जे थोडे कांदे हाती लागले तेही महिन्याभरात मानेपासून काळे पडून सडले, ही दुसरी. पांढरा कांदा वेगळ्या पद्धतीने वाढवावा लागतो का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते वाफ्यात असेपर्यंत तो लाल कांद्याहून फारसा वेगळा नसतो. त्याचे वेगळेपण बियाणे निवडताना आणि काढणीनंतर जाणवते, आणि तुमच्या दोन्ही तक्रारी नेमक्या याच दोन ठिकाणच्या आहेत.

आधी न पोसण्याविषयी. पात वाढवणे थांबवून कांदा केव्हा धरायचा, हे झाड मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवते. तापमान वाढले की त्या प्रक्रियेला वेग येतो, पण पहिला इशारा उजेडाच्या तासांचाच असतो. काही वाणे 11 ते 12 तासांच्या दिवसात पोसू लागतात, काहींना 12 ते 14 तास लागतात, तर काहींना 14 ते 16. चौदा तासांचा दिवस मागणारे वाण तुम्ही अशा ठिकाणी लावले की जिथे हंगामभर दिवस तेवढा मोठा होतच नाही, तर खतपाणी कितीही केले तरी ते पातच काढत राहते आणि मान शेवटपर्यंत जाड राहते. उलट लहान दिवसाचे वाण मोठ्या दिवसांच्या प्रदेशात लावले, तर चार-सहा पाने येताच ते घाईने पोसू लागते आणि हाती चिंगळी कांदा येतो. तुमचा लाल कांदा नीट येतो याचा अर्थ माती आणि पाणी ठीक आहे. म्हणून माझा पहिला संशय पांढऱ्याच्या वाणावर आहे.

बियांच्या पुडीवर ‘पांढरा कांदा’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यावरून काहीही कळत नाही. ‘व्हाइट बर्म्युडा’ हे लहान दिवसाचे वाण आहे, ‘व्हाइट स्वीट स्पॅनिश’ला मोठा दिवस लागतो, आणि ‘व्हाइट लिस्बन’ तर मुळात पातीसाठी लावायचा कांदा आहे. त्याला गोल, भरलेला गड्डा धरण्याची अपेक्षाच चुकीची. तेव्हा पुडीवर वाणाचे नाव आणि त्याला लागणारी दिवसाची लांबी पाहूनच बी घ्यावे. कांद्याच्या बियांची उगवणशक्ती लवकर उतरते, म्हणून बी ताजे असावे; गेल्या हंगामातल्या उरलेल्या पुडीवर मी विसंबून राहत नाही.

वाण योग्य असले तरी वेळ साधावी लागते. कांद्याचा प्रत्येक पापुद्रा म्हणजे एका पानाचा फुगलेला तळ असतो. त्यामुळे दिवस पुरेसा मोठा होऊन पोसण्याचा इशारा मिळेपर्यंत झाडावर जितकी पाने आली असतील, त्यावरच कांद्याचा आकार बहुतांशी ठरतो. नंतर ओतलेले खत ही उणीव भरून काढू शकत नाही. म्हणून हिशेब उलटा करावा: तुमच्या भागात त्या वाणाला लागणारा दिवस केव्हा येतो ते पाहून, त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी रोपे वाफ्यात लागलेली असावीत, आणि त्याच्याही सहा ते आठ आठवडे आधी बी पेरलेले असावे. मात्र फार आधी पेरण्याचाही मोह नको. रोप पेन्सिलीपेक्षा जाड झाल्यावर त्याला बरेच दिवस 10 अंश सेल्सिअसच्या खालची थंडी मिळाली, तर ते फुलावर येते आणि डेंगळे निघतात. डेंगळा मोडून टाकला तरी मधला कडक दांडा कांद्यात राहतोच.

वाफ्यातली बाकीची कामे तुम्हाला लाल कांद्यामुळे ठाऊक असतील. गादी वाफा भुसभुशीत असावा, पाणी साचू नये, रोपे साधारण 15 बाय 10 सेंटीमीटरवर आणि उथळ लावावीत. मुळे वरच्या थरातच राहत असल्यामुळे थोडे पण नियमित पाणी द्यावे. कांद्याची पात सरळ उभी वाढते, जमिनीवर सावली धरत नाही, म्हणून तण लवकर माजते. खुरपणी हलक्या हाताने आणि वेळेवर करावी. नत्रयुक्त खत पहिल्या टप्प्यातच संपवावे, कारण कांदा पोसू लागल्यावर दिलेल्या नत्राने मान जाड होते आणि जाड मान साठवणीत घात करते. पातीवर चंदेरी ओरखडे दिसू लागले, तर मधल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात पाहा. बारीक पिवळसर फुलकिडे तिथेच दाटीने लपलेले असतात.

पोसणारा कांदा मातीबाहेर डोकावू लागला की त्याचा उघडा भाग उन्हाने हिरवट होतो आणि पांढऱ्या कांद्यावर ही छटा लगेच डोळ्यांत भरते. तेवढ्यासाठी त्याला मातीची भर घालू नका. हिरवटपणा दिसायला वाईट असला तरी मानेभोवती ओल धरून ठेवण्याइतका महाग पडत नाही.

आता सडण्याविषयी, कारण पांढऱ्याचे खरे दुखणे इथे आहे. लाल आणि पिवळ्या कांद्याच्या वाळलेल्या सालीत रंगद्रव्यासोबत कॅटेकॉल आणि प्रोटोकॅटेच्युइक आम्ल ही संयुगे असतात. ती ओलाव्यात विरघळून बुरशीचे बीजाणू रुजू देत नाहीत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातले वनस्पतिरोगशास्त्रज्ञ जे. सी. वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. पांढऱ्या सालीत हा बंदोबस्त जवळजवळ नसतो. म्हणून त्याच्या मानेजवळ काळपट हिरव्या ठिपक्यांची वर्तुळे दिसतात, जी लाल कांद्यावर सहसा दिसत नाहीत. सालीने जे करायचे ते इथे आपल्याला वाळवणीने करावे लागते.

पहिल्या काही माना पडू लागल्या की पाणी तोडा, आणि निम्म्याहून अधिक माना आपोआप पडल्यावर कोरड्या हवेत काढणी करा. पात पायाने तुडवून माना पाडण्याची घाई करू नये. मोडलेली ओली मान बुरशीला उघडी वाट देते. काढलेले कांदे पातीसकट असे पसरा की एका ओळीची पात पुढच्या ओळीतल्या कांद्यांवर झाकण म्हणून येईल. तीन-चार दिवसांनी ते वारे खेळणाऱ्या सावलीत हलवून आणखी दहा-बारा दिवस वाळू द्या. पात तोपर्यंत कापायची नाही. मान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहावी: आतले पदर एकमेकांवर घसरल्यासारखे वाटले, तर अजून ओल आहे, कागदासारखी कुरकुरली, तर दोन-तीन सेंटीमीटर देठ ठेवून पात कापावी. तुमचे कांदे मानेपासून सडले त्यावरून पात हिरवी असतानाच कापली गेली असावी, असा माझा अंदाज आहे.

साठवणीसाठी 25 ते 30 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता घरगुती परिस्थितीत चांगली. 10 ते 20 अंशांच्या दरम्यान कांद्याला कोंब लवकर फुटतात. पातळ थरात किंवा जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा, बटाट्यांशेजारी नको. सगळे पांढरे कांदे सारखे टिकत नाहीत, हेही ध्यानात ठेवा: कांदा वाळवून पूड करण्यासाठी काढलेली, घट्ट आणि कमी पाणीदार वाणे बऱ्यापैकी टिकतात, तर गोड, रसाळ वाणे लवकर खराब होतात. वाण कोणतेही असो, जाड मानेचे, जोड आणि डेंगळे आलेले कांदे साठवणीत न घालता आधी वापरून टाकावेत, आणि उरलेल्या ढिगावरून दर आठवड्याला हात फिरवून मऊ लागणारा कांदा बाजूला काढावा.