सायकल सल्ला : खडीच्या चढावर मागचे चाक जागीच फिरते

प्रश्न : यवतेश्वरचा घाट मी डांबरी रस्त्याने न थांबता चढतो, परंतु चाळकेवाडीला पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर, जिथे मुरूम आणि सुटी खडी आहे अशा तीव्र चढावर, मागचे चाक जागीच फिरते. उभे राहून पेडल मारले तर ते अधिकच फिरते आणि बसून राहिलो तर पुढचे चाक उचलले जाते. सायकलला पुढे ५० व ३४ दात्यांच्या चकत्या, मागे ११ ते २८ दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि ३५ मिलिमीटर रुंदीचे ट्यूबचे टायर आहेत. हवा ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) ठेवतो. वजन ७० किलो. सायकल बदलावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सायकल बदलण्याची गरज नाही. यवतेश्वर न थांबता चढणाऱ्याच्या पायांत ताकद असतेच. इथे कमी पडते आहे ती मागच्या टायरची पकड.

पेडल आडवे असताना पायाचा जोर सर्वांत जास्त लागतो आणि ते वर-खाली उभे असताना जवळजवळ नाहीसा होतो. गिअर जड असला की हा चढउतार तीव्र होतो आणि नेमक्या जोराच्या क्षणी खडी टायरखालून निसटते. तुमच्या सर्वांत हलक्या गिअरमध्येही, म्हणजे चेन पुढे ३४ आणि मागे २८ दात्यांच्या चकतीवर असताना, पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. ताशी ६ किलोमीटर वेगाने चढताना मिनिटाला जेमतेम ३८ फेरे होतात. मागे ३६ दात्यांची मोठी चकती असलेली कॅसेट बसवली तर त्याच वेगाला ४९ फेरे पडतील आणि जोर अधिक समान वाटला जाईल. मात्र तुमचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, एवढी मोठी चकती पेलतो का, हे मेकॅनिककडून आधी तपासून घ्या. चेनही बहुधा लांब घ्यावी लागेल.

त्याआधी बिनखर्चाचा उपाय करून पाहा, कारण माझ्या मते निम्मी अडचण टायरमधल्या हवेत आहे. ७५ पीएसआयला टायर दगडासारखा कडक राहतो आणि खडीवरून उसळतो. मागे ५० व पुढे ४५ पासून सुरुवात करा, टायरच्या कडेवर छापलेली किमान मर्यादा मात्र ओलांडू नका. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार उतरवली तर दगडावर आपटून रिम ट्यूबला चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात.

आता बसण्याविषयी. उभे राहिले की वजन पुढे जाते आणि मागचे चाक हलके पडते, म्हणून बसूनच चढा. परंतु सीटच्या पुढच्या टोकाकडे सरका, कोपरे वाकवून खाली घ्या आणि छाती हँडलकडे झुकवा. त्यामुळे मागच्या चाकावर पुरेसे वजन राहते आणि पुढचेही जमिनीला टेकून राहते. हँडल वर ओढू नका. पुढचे चाक उचलले जाण्याचे ते एक मोठे कारण असते. गिअर चढाच्या पायथ्याशीच हलका करा, कारण पूर्ण जोर असताना बदललेली चेन अडखळते आणि तेवढ्यात वेग संपतो. नजर चाकाखाली न ठेवता काही मीटर पुढे ठेवा आणि गाड्यांच्या चाकांनी दाबलेल्या पट्ट्यांतून चला, कारण मधल्या उंचवट्यावर आणि कडेला सुटी खडी साठते. वळणाची आतली बाजू सर्वांत उभी असते. समोरून वाहन येत नसल्याची खात्री असेल तेव्हाच थोडे बाहेरून घ्या.

प्रश्न : दंडोबाच्या डोंगराकडे कच्च्या चढावर एकदा थांबलो की पुन्हा निघता येत नाही. पेडलला अडकणारे बूट वापरतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : रस्ता दोन्हीकडून मोकळा असल्याचे पाहून सायकल चढाला आडवी, तिरकी धरा. मागचा ब्रेक दाबून ठेवा, सीटवर बसा, एक बूट अडकवून ते पेडल आडव्यापेक्षा किंचित वर आणा. ब्रेक हळूहळू सोडत त्याच पायाने दाब द्या. दुसरा बूट लगेच अडकवण्याची धडपड करू नका. तो पाय पेडलवर नुसता ठेवून चार-पाच फेरे मारा, सायकल सरळ चालू लागली की मग अडकवा. तरीही जमत नसेल, तर सायकल हाताने ढकलत कमी चढाच्या जागी न्या आणि तिथून निघा.