व्हिक्टोरिया सरोवर बघायला युगांडात जायचंय, तिथे प्राणी-पक्षी खरंच दिसतात का?

दिसतात, पण केनियातल्या मसाई मारा जंगलासारखे सिंह-हत्ती डोक्यात ठेवून जाऊ नका. मी नोकरीसाठी राजधानी कंपालात होतो तेव्हा सरोवराकाठच्या एंटेबे शहराच्या बाजूने बऱ्याचदा गेलोय. सरोवर जवळपास ६८,८०० चौरस किमी, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शापेक्षा मोठं, पलीकडचा काठ दिसतच नाही. त्यामुळे नुसती बोट घेऊन मधे फिरण्यात काही अर्थ नाही, जे काय आहे ते काठाच्या दलदलीत आहे.

एकच सकाळ मिळणार असेल तर ती एंटेबेजवळच्या माबांबाला द्या. पपायरस या उंच लव्हाळ्याची दलदल, तिच्यातल्या अरुंद वाटांतून लाकडी होडी जाते, लोकल गाइड सोबत असतो आणि सगळे शोधत असतात तो शूबिल पक्षी. चार फुटांच्या आसपास उंच, राखाडी, बुटासारखी जाडजूड चोच, किती वेळ एका जागी न हलता उभा राहील सांगता येत नाही, आणि लंगफिश हा मासा हवा घ्यायला वर आला की अख्खं अंग त्याच्यावर झोकून देतो! तिथले कोळी याला अपशकुनी मानायचे, दिसला की त्या दिवशी मासळी मिळत नाही म्हणून मारायचे सुद्धा. आता तो जिवंत राहण्यात गावाची कमाई आहे, म्हणून होडीच्या आणि गाइडच्या पैशात प्लीज घासाघीस करू नका.

न्गाम्बा बेटावर चिंपांझी आहेत पण ते जंगली नाहीत, शिकाऱ्यांच्या आणि विक्रीच्या तावडीतून सोडवलेली अनाथ पिल्लं १९९८ पासून तिथे सांभाळतात. वेळ असेल तर जरूर जा. एंटेबेच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये कोलोबस माकडं आरामात दिसतात.

माशांचं मात्र वाईट वाटतं. १९५० च्या दशकात या पाण्यात नाइल पर्च सोडला, दोन मीटरपर्यंत वाढणारा शिकारी मासा, त्याने इथल्या, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या छोट्या सिक्लिड माशांच्या कितीतरी जाती संपवल्या. आणि आज त्याच पर्चवर हजारो कुटुंबांचं पोट चालतं, त्यामुळे काढून टाका म्हणणंही सोपं नाही.

पाण्यात उतरू नका, बिलहार्झिया हा पाण्यातल्या जंतांमुळे होणारा रोग होतो. यलो फीव्हरची लस निघायच्या निदान १० दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड जपून ठेवा, परत येताना ते जवळ नसलं तर भारतात क्वारंटाइन करतात, म्हणजे काही दिवस वेगळं ठेवतात. माबांबाला पहाटेच निघा, ऊन चढलं की होडीत बसवत नाही.