रशियन आणि संस्कृत यांचे नाते सासरच्या माणसांत शोधावे

रशियन आणि भारतीय परंपरा यांत खरोखर नाते आहे, की ‘मॉस्को म्हणजे मोक्ष’ असे सांगणारे संदेश म्हणजे निव्वळ कल्पना, असे तुम्ही विचारले आहे. नाते आहे आणि ते फार जुने आहे. मात्र रशियन संस्कृतातून जन्मली, असे ते नाही. दोन्ही भाषा एकाच लुप्त झालेल्या पूर्वज भाषेच्या वंशातल्या, म्हणजे एकमेकींच्या चुलत बहिणी आहेत.

मी पुण्यात रशियन शिकत होते, तेव्हा कुटुंबाविषयीच्या धड्यात ‘देवेर’ हा शब्द आला. अर्थ होता नवऱ्याचा भाऊ. त्या दिवशी घरी आल्यावर मी वहीतली यादी आजीला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत बसली होती. ‘देवेर’ ऐकताच तिचा सुपातला हात थांबला आणि ती म्हणाली, “अगं, हा तर दीर!” आजीला ना संस्कृत येत होते ना रशियन, पण तिने ओळखले ते अगदी बरोबर होते, कारण आपला दीर आणि रशियन देवेर हे दोघेही, संस्कृतातल्या ‘देवृ’प्रमाणेच, एका मूळ शब्दाचे वंशज आहेत.

यादी पुढेही तशीच जाते. सासरा तो स्व्योकर (श्वशुर), सासू ती स्वेक्रोव (श्वश्रू), सून ती स्नोखा (स्नुषा), विधवा ती व्दोवा. जावेसाठी जुन्या रशियनमध्ये ‘यात्रोव’ असा शब्द होता. त्याचा संस्कृत भाऊबंद ‘यातृ’, आणि त्यातूनच आपली ‘जाऊ’ आली. फक्त नणंद जुळत नाही, तिला रशियनमध्ये ‘झोलोव्का’ म्हणतात. यात लक्षात घेण्याजोगे असे की स्व्योकर म्हणजे केवळ नवऱ्याचा बाप; बायकोच्या बापाला रशियनमध्ये ‘तेस्त’ हा अगदी निराळा शब्द आहे. म्हणजे हजारो वर्षे टिकून राहिलेला हा शब्दसंग्रह मुख्यतः लग्न होऊन नवऱ्याच्या घरी आलेल्या मुलीच्या तोंडचा आहे. मला या साऱ्या साम्यात सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

आता ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले विवाहसूक्त पाहा. त्यात नववधूला आशीर्वाद दिला आहे की सासऱ्यावर, सासूवर आणि नणंदेवर तू सम्राज्ञी हो, आणि शेवटी ‘सम्राज्ञी अधि देवृषु’, म्हणजे दिरांवरही. यातल्या ‘देवृषु’ या एकाच रूपात या नात्याचा पुरावा साठलेला आहे. मूळचा ‘स’ हा इ, उ, र आणि क यांच्यानंतर आला की संस्कृतात त्याचा ‘ष’ होतो; पाणिनीने हा बदल ‘इण्कोः’ या अधिकारात, म्हणजे पुढच्या सूत्रांनाही लागू राहणाऱ्या सूत्राखाली, सांगितला आहे. स्लाव्ह भाषांत, म्हणजे रशियन ज्या कुळातली आहे त्या भाषांत, त्याच जागी ‘ख’ आढळतो. म्हणून स्नुषा आणि स्नोखा, शुष्क आणि ‘सुखोय’, म्हणजे सुका. नाशिकजवळच्या ओझरला ज्या सुखोई-30 विमानांची बांधणी होते, त्यांना पावेल सुखोई या अभियंत्याचे आडनाव मिळाले आहे आणि त्या आडनावाच्या मुळाशी हाच शब्द आहे. ‘दिरांविषयी’ असे रशियनमध्ये म्हणायचे झाल्यास ‘देवेर्याख’ हे रूप येते, आणि त्यातला शेवटचा ‘ख’ हा सप्तमीच्या अनेकवचनी ‘-सु’, ‘-षु’ या प्रत्ययाचाच भाऊबंद आहे.

एखादा शब्द कानाला सारखा लागणे वेगळे आणि असा नियम शब्दामागून शब्दाला लागू पडणे वेगळे. मोक्ष आणि मॉस्को यांना जोडणारा असा कोणताही नियम नाही. मॉस्को हे मुळात नदीचे नाव आहे आणि शहराला ते तिच्यावरून मिळाले. रशिया आणि ऋषी ही जोडीही तशीच निराधार आहे. मराठी माणसाने तर अधिकच सावध राहावे. ‘ती आली’ आणि रशियन ‘अना प्रिश्ला’ यांत दोन्हीकडे भूतकाळी ‘ल’ आहे आणि दोन्हीकडे क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून मीही प्रथम हरखून गेले होते. पण आपला ‘ल’ प्राकृतातल्या ‘-इल्ल’ प्रत्ययातून आला, त्यांचा स्लाव्ह भाषांतल्या जुन्या धातुसाधितातून. ते साम्य योगायोगाचे आहे.

शब्दांपलीकडे, लोकांच्या मनातले म्हणून एक उदाहरण देते. अस्वलासाठीचा जुना शब्द संस्कृतात ‘ऋक्ष’ म्हणून टिकला, पण स्लाव्ह लोकांनी तो सोडून दिला, कारण नाव घेतले की जनावर येते अशी भीती होती. त्याऐवजी ते ‘मेद्वेद’ म्हणू लागले, म्हणजे मध खाणारा. हाच समास ऋग्वेदात ‘मध्वद’ असा आला आहे, मात्र तेथे तो झाडावरच्या पक्ष्यांसाठी आहे. आणि ती भीती आपल्याला परकी नाही. आजी तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणू देत नसे, ‘जनावर’ म्हणायला लावी. कोणाला साप चावल्याचे सांगायचे असले, तर ‘पान लागलं’ एवढेच म्हणे.