आकडा आधी लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि ब्रेडबोर्डाचे, म्हणजे तारा खुपसून सर्किट जुळवायच्या फळीचे, तिन्ही फोटो मिळाले. तुळशीच्या कुंडीतील माती सुकली की रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लागावा आणि छोटा पंप सुरू व्हावा, एवढेच तुला हवे आहे. पण रिले कधी टिकटिकतो, कधी गप्प बसतो, आणि पंप फिरू लागताच आर्डुइनो, तुझा प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. यावर तू प्रोग्रामच्या सहा आवृत्त्या केल्यास, प्रत्येकीत डिले, म्हणजे थांबण्याचा वेळ, वाढवत गेलास, आणि सातवी आता काकांनी लिहून द्यावी असे म्हणतोस. ती मी देणार नाही. रागावू नकोस, वही काढ.

रिले बोर्डावरून सुटा करून त्याच्या कॉइलला, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याला, मीटर लाव. पाच व्होल्टच्या या निळ्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहम भरते; ५ भागिले ७० केले की सुमारे ७१ मिलिअँपिअर येतात. तुझ्या आर्डुइनो उनो बोर्डावरच्या एटीमेगा ३२८पी चिपच्या एका पिनवर २० मिलिअँपिअरपर्यंतच भार टाकावा, आणि ४० ही तर तिची शेवटची मर्यादा आहे. तू रिले थेट आठव्या पिनला जोडला आहेस. हा भागाकार शाळकरी पोरही करील, पण तुला तो सुचला नाही, कारण तार खुपसून पाहणे त्याहून सोपे होते. मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घाल, म्हणजे कॉइलचा भार तो उचलेल आणि पिनला थोडाच करंट द्यावा लागेल; त्याच्या बेसला, म्हणजे पिनकडून इशारा घेणाऱ्या पायाला, १ किलोओहमचा रेझिस्टर दे, आणि कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लाव, म्हणजे प्रवाह तुटताना कॉइल जो झटका मारते तो तिथेच जिरेल.

पंपाचे दुखणे वेगळे आहे. तो तू बोर्डाच्याच पाच व्होल्टवर चालवतोस. मोटार सुरू होताना चालू स्थितीच्या कितीतरी पट करंट ओढते, यूएसबीच्या तारेतून तेवढा येत नाही, व्होल्टेज बसते, आणि ते २.७ व्होल्टच्या खाली गेले की चिप स्वतःहून रिसेट होते. तिची रचनाच तशी केलेली आहे. पंपाला वेगळी बॅटरी दे आणि दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोड. तुझ्या सहाही प्रोग्राममध्ये काही खोट नव्हती.

आता मला जे सांगायचे आहे ते ऐक. मीटर लावून मोज, असे तुला कोणीही सांगेल. माझे म्हणणे त्याच्या आधीचे आहे: मीटरची टोके टेकवण्यापूर्वी, तार जोडण्यापूर्वी, तुला कोणता आकडा अपेक्षित आहे तो वहीत लिही. आधी लिही, मग टेकव. अंदाज न लिहिता घेतलेले माप म्हणजे नुसता आकडा असतो, आणि आकडा मनासारखा आला नाही तर त्याची समजूत घालायला आपले मन फार हुशार असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. ऐन उमेदीच्या काळात मी एटी८९सी५१ या जुन्या प्रोग्राम करायच्या चिपवर पाण्याच्या मोटारीसाठी आपोआप स्टार्टर चालवणारे यंत्र केले होते. त्या चिपमध्ये सगळी मिळून ४ किलोबाइट जागा. प्रत्येक बदलासाठी ती सॉकेटमधून उपसून प्रोग्रामरवर न्यायची, पाय वाकायचे, पुन्हा सरळ करायचे. रात्रीची लाइन आली की शेतकऱ्याला थंडीत विहिरीवर जावे लागू नये, हा त्यामागचा विचार. एक फेज गेली तर मोटार बंद करायची सोयही मी केली होती, तिन्ही फेजचे व्होल्टेज पाहून. एका शेतावर मोटार चालू असताना मी एक फ्यूज काढून चाचणी घेतली. मेलेल्या फेजवर मीटरने ३७० च्या आसपास व्होल्ट दाखवले. तिथे शून्य यायला हवे, असे मी आधी लिहून ठेवले असते तर तिथेच थबकलो असतो. मी मनाशी म्हणालो, आपल्याकडे व्होल्टेज कमीच असते, ४१५ कुठे मिळते! फिरती मोटार तुटलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज उभे करते आणि फेज गेल्याचे यंत्राला कळतच नाही, हे मला कळले ते तीन आठवड्यांनी, हरभऱ्याला पाणी चालू असताना पाच हॉर्सपॉवरची मोटार जळाली तेव्हा. जादा करंटला मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले शेतकऱ्याने वाढवून ठेवला होता हे खरे, पण तो बहाणा मी आजवर पुरेसा वापरला आहे. रिवाइंडिंगचे पैसे मी दिले. त्या माणसाने एक शब्दही वावगा काढला नाही, आणि त्याचेच मला अधिक लागले.

दुकानावर येणारी मुले म्हणतात की काका प्रोग्राम देत नाहीत, वही मागतात. एकाने तर तोंडावर कंजूष म्हटले. म्हणू देत. आम्हाला चिप उपसण्याचा कंटाळा तरी दोन मिनिटे विचार करायला लावत होता, तरीही मी चुकलो. तुमचा प्रोग्राम तर बटण दाबताच बोर्डात जातो. मग विचार करायला तुम्हाला अडवणार कोण? वहीच ना?

आणि मातीच्या सेन्सरचा आकडा ५०० च्या वर गेला की पंप सुरू, हे ५०० तू कुठून आणलेस? बहुधा कोणाच्या तरी व्हिडिओतून. त्याची माती वेगळी असेल. तुझ्या कुंडीत आपली काळी माती आहे. ती सुकली की भेगाळते, सेन्सरच्या काट्यापासून सुटते, आणि आत ओल असूनही सेन्सर कोरडे सांगतो. पाणी घालण्याआधी सेन्सरचा ० ते १०२३ मधला आकडा लिही, घातल्यावर लिही, दुसऱ्या सकाळी लिही, प्रत्येक वेळी अंदाज आधी. काटा काही दिवसांत काळा पडेल, कारण त्यातून सतत करंट वाहतो आहे. वाचनापुरताच त्याला वीजपुरवठा दे.

आठव्या पिनला इतके छळले आहेस की ती गेली असण्याची शक्यता आहे; ट्रान्झिस्टर नवव्यावर घे. पुढच्या पत्रासोबत प्रोग्राम नको, वहीच्या पानाचा फोटो पाठव, डावीकडे अंदाज, उजवीकडे मीटर, आणि जिथे दोन्ही जुळले नाहीत तिथे खाडाखोड करू नकोस. १एन४००७ तुमच्याकडे मिळाला नाही तर कळव. माझ्या डब्यात मूठभर पडले आहेत, परभणीहून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती देईन.

तुझा,
काका